अख्खी गुपचुप

जरीपटक्याच्या बाजारात ब्लाउजपिसांच्या दुकानासमोर एक गुपचुपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, उभा राहतो. माझी धाकटी जाऊ त्याची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. द्रोण हातात, पुरी आली की अख्खी तोंडात, गाल फुगला की डोळे बंद, डोळे उघडले की द्रोण पुन्हा पुढे. मध्ये एक शब्द नाही. जागेपणी ही बाई गप्प राहते असा तो एकच प्रसंग, त्यामुळे तिला तिथे न्यायला मी नेहमी तयार असायचे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिने पुरी उचलली, बोटाने फोडली, पाणी द्रोणात सांडू दिलं आणि भिजलेला एकेक तुकडा ओठांच्या फटीतून आत सारला. चिमणी पिलाला भरवते तसं. फक्त इथे चिमणीही तीच आणि पिल्लूही तीच.

"काहून वं, तोडून काहून खाऊन राहिली?" मी विचारलं.

"दाढ दुखून राहिली."

"कोणती?"

"दाढच हाये बाई, नवा जवाई नाही नावगाव सांगाले."

गुपचुपवाल्याच्याही लक्षात आलं होतं. "आजी, पुरी मोठी झाली का आजकाल?"

"पुरी नाही गा, तुह्यं तोंड मोठं झालं," असं म्हणून तिने द्रोण टाकून दिला. अजून पुऱ्या यायच्या बाकी असताना तिने द्रोण टाकल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घरी येईपर्यंत ती भाजीच्या भावाबद्दल बोलत होती, आणि मी तिच्या ओठांकडे बघत होते. बोलताना खालचा जबडा हलतच नव्हता. शब्द दातांच्या मागून, खिडकी किलकिली करून बोलावं तसे येत होते.

तिची दाढ दुखत नव्हती. ती खर्रा खाते. नागपूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल, नागपूरच्याला सांगायची सोय नाही, कारण वाचताना त्याच्याही गालात असेल. तंबाखू, सुपारीचे तुकडे आणि चुना, हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला पाटीवर हातभर जोर लावून घोटतो आणि ती पुडी माणसं दिवसभर चिमूटचिमूट गालात धरून बसतात. वर्षानुवर्षं धरली की गालाचं आतलं कातडं चामड्यासारखं होतं आणि तोंड उघडेनासं होतं. खर्ऱ्यावर बंदी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर ती मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहे. त्याच भिंतीला टेकून पानठेला आहे, कारण दुपारी सावली तिथेच पडते.

जावेचं माहेर काटोलकडचं. परकर नेसायच्या वयापासून ती संत्र्यांच्या बाजारात फळं निवडायला बसायची. मोठी वेगळी, लहान वेगळी, डागी वेगळी. तिथल्या बायका गालात तंबाखू धरायच्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. हिनेही धरला. लोक त्याला व्यसन म्हणतात. तिचं ते दुपारचं जेवण होतं. लग्न होऊन आमच्याकडे आल्यावर दुपारचं जेवण मिळायला लागलं, पण तोवर गालाला सवय लागली होती. मग तंबाखू गेला आणि खर्रा आला, कारण तो शहरातला होता.

आता त्या काळातल्या माझ्याबद्दल. मी तिला 'ती शहाणी' म्हणते. तिच्याशी माझी आता फारशी ओळख नाही, पण तिचे फोटो घरात आहेत. इस्त्रीची साडी, खांद्याला पिनेने गच्च बसवलेला पदर, काखेत पर्स. महानगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, आणि घरातली पहिली नोकरीवाली सून. माहेरी जन्मभर 'मले, तुले' बोललेली ही मुलगी पगार सुरू होताच 'मला, तुला' म्हणू लागली आणि सासूलाही दुरुस्त करू लागली. सासू म्हणायची, "हिले काय झालं वं? सर्दी झाली काय?"

या शहाणीने गल्लीतल्या बायकांचा उद्धार करायचं मनावर घेतलं. रविवारी दुपारी, म्हणजे त्यांना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या झोपेच्या वेळी, ती त्यांना ओसरीवर गोळा करी आणि म्हणे, "भगिनींनो, तंबाखूचे दुष्परिणाम आपण तीन भागांत पाहू." शाळेतून एक तक्ता आणलेला असे. फुफ्फुसाचा. गालात तंबाखू धरणाऱ्या बायकांना ती फुफ्फुसं दाखवत होती, कारण शाळेच्या कपाटात तोंडाचा तक्ता नव्हता. एकदा एका म्हातारीने पुढे येऊन तक्त्यावर हात फिरवला आणि विचारलं, "हे भरताचं वांगं कायले आणलं वं मास्तरीण?"

पहिल्या रांगेत कायम माझी जाऊ. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या. 'आजपासून कोण सोडणार?' असं शहाणीने विचारलं की ती दोन्ही हात वर करायची. तोंडाने 'हो' म्हणायची नाही, कारण गालात भरलेलं असायचं. शहाणीला वाटे, भारावल्यामुळे बोलता येत नाही.

आणखी एक प्रसंग सांगून टाकते, पुढे लागणार आहे. आमच्या शाळेत एकदा बायकांच्या छातीच्या तपासणीचं शिबिर आलं. उद्घाटनाचं भाषण अर्थातच शहाणीचं. "लाज ही स्त्रीची सर्वात मोठी शत्रू आहे," वगैरे. टाळ्या झाल्या, सगळ्यांत आधी तिलाच पडद्यामागे पाठवलं. आतली नर्स म्हणाली, "ब्लाउज काढा." शहाणी म्हणाली, "नाही, मी फक्त व्यवस्था बघायला आले होते." आणि बाहेर. बाहेर तिची पर्स धरून जाऊ उभी होती.

"झालं का बाई? एवढ्यात?"

"झालं. माझं अगदी उत्तम आहे."

जावेने खांद्याकडे पाहिलं. "पदराची पिनबी निघाली नाही वं बाई."

तिने ते कुणाला सांगितलं नाही. तिला गोष्टी पुडीत बांधून ठेवायची सवय, लागेल तेव्हा चिमूटभर काढायची.

तर असा आमचा इतिहास. त्यामुळे त्या उन्हाळ्यात मी तिला भाषण दिलं नाही. सरळ म्हटलं, "तोंड दाखवून येऊ."

"कोणाले?"

"डॉक्टरले."

"कायले? मले माहीत हाये काय हाये ते."

तिला माहीत होतं. तिचा नवरा, माझा दीर, याच रोगाने गेला. सायकलरिक्षा चालवायचा. गालात जखम झाली तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने आंबट बंद करायला सांगितलं, तिसऱ्याने दात उपटला. मोठ्या हॉस्पिटलात लाईन लावली की त्या दिवसाची रोजी जायची, म्हणून एक दिवस लाईन आणि मग बरेच दिवस रिक्षा. इकडून तिकडे, आज हे बंद, उद्या ते मशीन बंद. शेवटी एका मोठ्या डॉक्टरसमोर पोचला तेव्हा डॉक्टर रागावून म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" त्याचं तोंड उघडत नव्हतं. जाऊ म्हणाली, "रिक्षा."

ती हे सगळं बघून आलेली. त्यामुळे तिला वाटे, न पाहिलेलं बरं. पाहिलं की ते सुरू होतं.

"माह्या नवऱ्याले तिथी नेलं, मंग तो गेला," ती म्हणाली. "घरी होता तवरोक होता."

 शहाणीकडे यावर तीन भागांत उत्तर असतं.

त्याच महिन्यात मी लेकीकडे प्रताप नगरला राहायला गेले. तिथे सकाळी बागेजवळ कॅन्सर तपासणीची गाडी उभी. चांगली मोठी, आत एसी, बाहेर कडुलिंबाखाली खुर्च्या, खुर्च्यांना पांढरी कापडं, शहाळी. फिरून आलेल्या बाया गप्पा मारत बसल्या होत्या. गुलाबी फुगे हातात घेऊन फोटो चालले होते. माझ्या शेजारची सांगत होती की ती दरवर्षी करते, दरवर्षी काहीच निघत नाही, तरी करते, कारण सोबत छान असते. मला तिचा राग आला नाही. असंच करायला पाहिजे. सोबत हवी, सावली हवी, काहीच न निघायला हवं.

मी शहाळं संपवलं आणि गाडीत चढले. आत दातांची डॉक्टर होती, माझ्या नातीच्या वयाची पोट्टी, केसांचा बुचडा पेनाने खोचलेला.

"तुमची गाडी आमच्याकडे, जरीपटक्याच्या बाजूले, काहून येत नाही?"

"आलो होतो आजी. तुमच्या भागात मागच्याच महिन्यात. प्रतिसादच नव्हता. जागृती कमी आहे तिकडे."

"कधी आले होते?"

"मंगळवारी. अकरा वाजता."

मी तिला खिडकीपाशी नेलं. "त्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर भांड्यांचा आवाज येऊन राहिला, तो ऐक. ती आमच्या गल्लीतली. तिच्या खालच्या मजल्यावर झाडू मारून राहिली ती तिची नणंद. ह्या फुगेवाल्या बाया इथं येऊन बसू शकतात, कारण आमच्या बाया वरती हायेत. मंगळवारी अकराला आमच्याकडे कोण सापडन तुले?"

बोलताबोलता मला आठवलं, त्या दिवशी कोण सापडलं होतं ते. मंडप होता, बॅनर होतं, माईक होता. माईकवरून एक दादा ओरडून सांगत होता, "माताभगिनींनी छाती तपासून घ्यावी," आणि समोर चार रिटायर्ड म्हातारे बिस्किटासाठी बसले होते. एका म्हाताऱ्याने विचारलंही, आम्ही घेतली तर चालेल का.

पोट्टी लाल झाली. मग म्हणाली, "मग कधी येऊ?"

"आषाढी पौर्णिमेले. संध्याकाळी, बुद्धविहारात. सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात. त्या दिवशी मालकिणींनाबी माहीत असते का आज ही लवकर जाईन."

मग माझ्या डोक्यातली खरी गोष्ट मी तिला सांगितली. स्पर्धा ठेवायची. अख्खी गुपचुप, न फोडता, एका वेळी तोंडात. जिची गेली ती जिंकली, जिची नाही गेली ती हसतहसत गाडीत. तोंड किती उघडतं हीच तर पहिली तपासणी. भाषण नाही, तक्ता नाही, वांगं नाही. पोट्टी इतकी हसली की तिचं पेन पडलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते. घरी परतताना बसमध्ये मला वाटलं, बघ शहाणे, तुला कधी सुचलं होतं का असं?

वय झालं तरी ती शहाणी अंगातून जात नाही, हे मला पौर्णिमेच्या संध्याकाळी कळलं.

गाडी वेळेवर आली. गुपचुपवाला ठेला घेऊन विहाराच्या अंगणात आला. पाहुणे म्हणून बोलावलेले एक बडे गृहस्थ आले नाहीत, ती एक चांगली गोष्ट झाली. वंदना झाली. बाया बाहेर आल्या, पांढऱ्या साड्यांनी अंगण भरलं, आणि मी ठेल्याशेजारी उभी राहून म्हटलं, "चला, या! अख्खी गुपचुप, कोणाची जाते पाहू!"

कोणी हललं नाही.

विहार कमिटीचे अध्यक्ष पुढे आले. रेल्वेतून रिटायर झालेले, फार सावकाश बोलणारे. "बाई," ते म्हणाले, "आज पौर्णिमा."

"म्हणून तं ठेवलं."

"उपोसथ आहे. ह्यांनी सकाळी अष्टशील घेतलं. दुपारी बारानंतर काही खात नाहीत."

मी समोर पाहिलं. निम्म्याहून अधिक अंगण हात जोडून उभं होतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. लग्न होऊन आल्यापासून याच विहारात येते मी. पण मी स्वतः पंचशील घेऊन घरी जाऊन भजी तळणारी, त्यामुळे बाकीच्या बाया संध्याकाळी जेवत नाहीत हे माझ्या हिशेबातच आलं नाही. मंगळवारी अकराची वेळ ठरवणाऱ्यांना हसले होते मी. पावसाळी हवेत पुऱ्या नरम पडत होत्या. गुपचुपवाला एकदा माझ्याकडे, एकदा पुऱ्यांकडे बघत होता. पोट्टी गाडीच्या पायरीवर उभी राहून ओठ चावत होती.

जाऊ पहिल्या रांगेत होती. डोळ्यांत पाणी येईस्तोवर आनंद झाला होता तिला.

"मीबी अष्टशील घेतलं बाई," ती म्हणाली. मागच्या पौर्णिमेला माझ्यासमोर बसून अंड्याचा रस्सा खाल्लेली बाई. "नाहीतं खाल्ली असती अख्खी."

तेवढ्यात मला तिचा गाल दिसला. फुगलेला.

"तोंडात काय हाये?"

"कुठी?"

"गालात."

ती म्हणाली, "थोडासा खर्रा हाये."

"मंग तुहा उपोसथ?"

"खर्रा कोणी खाते काय? खर्रा थुकतो वं आपण. पोटात कुठी जाते?"

आजूबाजूच्या बायांनी गंभीरपणे मान हलवली. हा प्रश्न त्यांच्यात आधीच सुटलेला दिसला. कोणी तोंड उघडून 'हो' म्हणालं नाही, नुसत्या माना हलल्या. मला रविवारच्या दुपारी आठवल्या.

"म्हणजे," मी म्हटलं, "तोंडात घातलं, पण पोटात गेलं नाही, तं चालते?"

"चालते."

"अध्यक्ष, चालते न?"

अध्यक्षांनीही मान हलवली. तोंड न उघडता. मग त्यांना लक्षात आलं की मी त्यांच्या गालाकडे बघते आहे आणि ते चपला नीट लावायला गेले.

"मंग डॉक्टरीणबाई," मी पोट्टीला म्हटलं, "ते बोटांचं सांगा. बोटं तं पोटात जात नाहीत."

पोट्टी हुशार. ती पायरीवरून उतरली आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं जोडून, उभी करून, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घालून दाखवली. "एवढंच करायचं. स्वतःची बोटं, स्वतःचं तोंड."

आणि मग ते दृश्य, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पौर्णिमेचा चंद्र विहाराच्या कळसावर आलेला, आणि खाली अंगणभर पांढऱ्या साड्यांतल्या बाया, हातातल्या पिशव्या काखेत धरून, तीन तीन बोटं तोंडात घातलेल्या. आधी हसणं. एकीच्या दातांची कवळी हातात आली, तिच्यावर हसणं. मग हळूहळू एका बाजूने हसणं थांबलं. जिची बोटं गेली नाहीत ती शेजारणीकडे बघायला लागली. शेजारणीचीही गेली नव्हती. एकीने दोन घालून बघितली, एकीने नुसतं एक. सून सासूकडे बघत होती. कोणी कुणाला दोष देत नव्हतं. प्रत्येकीला आजवर वाटत होतं की आपलीच दाढ दुखते.

जावेची तिन्ही बोटं तोंडात होती. मी पाहतच राहिले.

"आजी," पोट्टी तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "आडवी नाही. उभी."

जावेने बोटं उभी केली. दोन गेली नाहीत. एक गेलं, नखापर्यंत. तिने हात खाली घेतला आणि पदराला पुसला.

मी पुढे झाले. "चाल. गाडीत चाल."

"नाही."

"आता सगळ्यांनी पाहिलं. आता काय लपवतं?"

"तूनं बोलावलं न हिले? तूच बोलावलं." चारचौघांत ती मला 'तुमी' म्हणते. त्या दिवशी नाही म्हणाली. "मी तिथी चढली का मंग लाईन, मंग चिठ्ठी, मंग उद्या या, मंग परवा या. मले माहीत हाये कसं जाते माणूस."

सगळं अंगण ऐकत होतं. जिची बोटं गेली नव्हती अशी प्रत्येक बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि मला स्पष्ट दिसत होतं की ही चढली नाही तर कोणीही चढणार नाही. आणि ही आज चढली नाही तर दिराच्याच वाटेने जाईल.

"हे बाई," तिने पोट्टीला विचारलं, "गाडीत छातीबी पाहता म्हणते तुमी?"

"हो आजी, दुसऱ्या पडद्यामागे."

जाऊ माझ्याकडे वळली. तिने पुडी सोडली.

"तू जाशीन?"

"मी? माह्या कुठी काय हाये—"

"ह्या वेळी पिन काढशीन का?"

लाज ही स्त्रीची सर्वात मोठी शत्रू आहे असं ज्या बाईने सांगितलं होतं, ती माझ्या घशात आली आणि म्हणाली, "मी तं फक्त व्यवस्था पाहाले—"

मी तिथेच थांबले. पण जावेने ऐकलं होतं. तिला जेवढं उघडता येत होतं तेवढ्या तोंडाने ती हसली.

"तू पिन काढ," ती म्हणाली, "मी तोंड उघडतो."

आम्ही दोघी चढलो. गाडीच्या आत दोन पडदे, मध्ये एक कापड. मी इकडे, ती तिकडे. नर्स म्हणाली, "ब्लाउज काढा." पिन खांद्यात इतकी वर्षं बसून गंजल्यासारखी निघेना.

"काढली का?" पलीकडून आवाज.

"काढून राहिली."

"खोटं बोलून राहिली तू."

"अवं खरंच. नर्सबाई, सांगा तिले."

"काढली हो आजी," नर्स म्हणाली, "सगळं काढलं."

"मंग घ्या," जाऊ पोट्टीला म्हणाली, आणि त्यानंतर तिचा आवाज आला नाही.

माझ्या छातीत काही निघालं नाही. मला काही मोठं वाटलं नाही, फक्त थंडी वाजली. एसी फार होता. पण पलीकडे पोट्टीने "आजी, जरा इकडे वळा" हे म्हटलं तेव्हा तिच्या आवाजात हसू नव्हतं.

बाहेर रांग लागली होती. आमची वाट बघत, पिशव्या काखेत. आत काय झालं हे कुणी विचारलं नाही. एकीने फक्त मला विचारलं, "खरंच काढली का वं?"

जावेच्या गालात पांढरा चट्टा होता, आणि चट्ट्याच्या कडेला एक छोटी गाठ. पोट्टीने एक काम केलं, ज्याच्यासाठी मी तिला आयुष्यभर संत्री पाठवीन. जावेसकट चार बायांना पुढे न्यायचं होतं. त्या चौघींना तिने एकाच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात बोलावलं, दारात स्वतः उभी राहिली, आणि ज्याला दिराचे महिने गेले होते ते सगळं दुपारपर्यंत उरकलं. तपासणी, फोटो, तुकडा काढणं. त्या चौघी आणि मी एकाच ऑटोत गेलो आणि एकाच ऑटोत आलो. रोजी बुडाली ती एकदाच. येताना जाऊ म्हणाली, "इतकंच असते काय?" आणि मग सगळा रस्ता ऑटोबाहेर बघत राहिली. ती दिराच्या रिक्षाचा विचार करत असावी. 

तुकड्यात तोच रोग निघाला. पण लहान. गालाचा थोडा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

पेपरात बातमी आली. 'मान्यवरांच्या प्रेरणादायी मार्गदर्शनानंतर महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' मान्यवर ते, जे आले नव्हते. फोटो मात्र त्यांचाच होता, कुठल्यातरी दुसऱ्या समारंभातला, शाल वगैरे घेतलेला. मी ते कात्रण कापून ठेवलं आहे. शहाणीच्या फोटोंशेजारी बरं दिसतं.

ऑपरेशननंतर तोंड उघडायचा व्यायाम सांगितला. आईसकांडीच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला सक्तीने आईसकांडी खावी लागली. सर्दीने नाकं गळत होती, पण काड्या जमत होत्या. जाऊ ओट्यावर काड्यांची चवड तोंडात धरून बसायची. बोलता येत नसे, म्हणून हाताने शिव्या द्यायची. तिला इतक्या प्रकारे हात हलवता येतात हे मला माहीत नव्हतं. खर्रा सुटला, पण सहजी नाही. अजूनही पन्नीत बडीशेप घालून घोटते. मी म्हटलं, बडीशेप घोटायची काय गरज? म्हणाली, "हाताले काय माहीत आत काय हाये."

अध्यक्षांनीही एक दिवस बोटं घालून बघितली म्हणे. एकटे, आरशासमोर. दुसऱ्या दिवशी गाडीची चौकशी करायला माझ्याकडे आले. हळूच विचारत होते, पुरुषांसाठी कधी असते.

परवा, जवळजवळ वर्षाने, आम्ही दोघी पुन्हा ब्लाउजपिसांच्या दुकानासमोर. गुपचुपवाल्याने जावेला ओळखलं, आणि शहाणपणा करून अगदी बारीक पुरी निवडली.

"मले लहान पोट्ट्याची देऊन राहिला का गा?" ती म्हणाली. "मोठी दे."

त्याने मोठी दिली. तिने ती उचलली, जरा तिरकी केली, आणि घातली. एका बाजूची कड मोडली, पाणी हनुवटीवरून साडीवर आलं, पण पुरी आत गेली. डोळे मिटले. एक गाल फुगला. दुसरा, कापलेला, जरा कमी. मी मान वळवून दुकानातल्या कापडांकडे बघत राहिले, कारण ठेल्यावर रडलं की पाणी जास्त तिखट झालं असं लोक समजतात.

तिने डोळे उघडले. द्रोण पुढे केला. पुरी यायच्या आत, भर बाजारात, खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, येत्या पौर्णिमेले गाडी येऊन राहिली. ह्या वेळी पिन लावूनच नका येऊ, काढाले फार वेळ लागते तुमाले."

गुपचुपवाला बटाटे कुस्करण्यात गढून गेला.